कच्चे मडके, फुटके मडके



सुट्ट्या लागल्या की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात, हाक मारली तर 'हो' म्हणतात आणि उठत नाहीत. मग आईवडील कोणा जाणत्याला विचारतात, "हा गेम चांगला की वाईट?" त्यांना उत्तर एका शब्दात हवे असते. चांगला असेल तर खेळू देऊ, वाईट असेल तर काढून टाकू.

पण जे लोक व्हिडिओ गेम स्वतः खेळून त्यांचे परीक्षण लिहितात, त्यांच्याकडे असे एका शब्दाचे उत्तर बहुधा मिळत नाही. चित्रे सुंदर आहेत, पण गोष्ट अर्धवट राहते. संगीत मनात घर करते, पण लढाई कंटाळवाणी होते. असे वाचले की साध्या माणसाला वाटते, या लेखकाने दोन्ही डगरींवर हात ठेवले आहेत. यात त्याने ठरवले तरी काय?

हा प्रश्न केवळ गेमपुरता नाही. एखाद्या गोष्टीचे गुण आणि दोष एकाच वेळी सांगणे हा प्रामाणिकपणा आहे, की निर्णय टाळण्याची पळवाट? मुलांच्या खेळांविषयी आपण हे नीट ठरवले, तर माणसांविषयी बोलतानाही ते आपल्या उपयोगी पडेल.

पुण्यात तयार झालेला एक गेम

एक जवळचे उदाहरण घेऊ. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' नावाचा गेम बनवला. तो ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणकावर व इतर यंत्रांवर आला. राजी ही सर्कशीत काम करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गादेवी तिला शस्त्र देते. देवी आणि विष्णू यांच्या संवादातून गोष्ट पुढे सरकते. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर आहे. देवीने महिषासुराला मारल्याची कथा आपल्या मुलांनीही शेजारच्या घरांतून ऐकलेली आहे. त्यामुळे या गेमचे जग त्यांना परके वाटणार नाही.

परदेशात आणि भारतात अनेकांनी या गेमवर लिहिले. राजस्थानी किल्ले आणि राजवाडे यांच्यावरून घेतलेल्या वास्तू, भिंतींवरील चित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा, सावल्यांच्या बाहुल्यांसारखी मधली दृश्ये आणि संगीत यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिलाच गेम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. पण त्याच लेखांत दोषही होते. गेम काही तासांतच संपतो. शेवट अचानक येतो, गोष्ट मध्येच तोडल्यासारखी वाटते. लढताना हालचाली अडखळतात. कॅमेरा हवा तिथे वळवता येत नाही.

आता हे परीक्षण दोन्ही डगरींवर हात ठेवणारे आहे का? मला तसे वाटत नाही. चित्रे सुंदर आहेत हे खरे आणि शेवट तुटक आहे हेही खरे. दोन्ही विधाने एकाच वस्तूविषयी आहेत, पण तिच्या वेगवेगळ्या अंगांविषयी आहेत. चित्रे सुंदर आहेत म्हणून शेवट सुधारत नाही. शेवट तुटक आहे म्हणून चित्रे कुरूप होत नाहीत. भाजीत मीठ जास्त पडले म्हणून भाकरी करपत नाही. पळवाट काढणारा माणूस अंगे वेगळी करत नाही. तो 'काही चांगले, काही वाईट' असे मोघम बोलून सुटतो. प्रामाणिक परीक्षक मात्र कुठे काय आहे यावर नेमके बोट ठेवतो आणि शेवटी कशाचे पारडे जड आहे तेही सांगतो.

कष्टांना गुण द्यावेत का?

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. 'राजी' बनवणाऱ्यांनी २०१७ च्या अखेरीस लोकांकडून वर्गणीसारखा पैसा उभा करण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. काम थांबू नये म्हणून संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकला. भारतातून अशा प्रकारचे गेम फारसे निघत नव्हते. अशा वेळी आपल्या माणसाने दोष दाखवावेत का? थोडे गुण वाढवून दिले तर काय बिघडले?

बिघडते ते असे. परीक्षण वाचणारा माणूस आपल्या कष्टाचा पैसा खर्चून ती वस्तू घेणार असतो. परीक्षकाने दिलेला शब्द त्याच्यासाठी असतो. बनवणाऱ्याच्या प्रेमापोटी खरेदी करणाऱ्याला अंधारात ठेवणे म्हणजे एकाचे देणे दुसऱ्याच्या खिशातून फेडणे. त्यागाला आदर द्यावा, मदत द्यावी, पाठीवर हात ठेवावा. पण त्याचे गुण करून निकालात मिळवू नयेत. त्यागाने फरक पडतो तो सांगण्याच्या रीतीत. ज्याने घर विकून काम केले, त्याला दोष सांगताना आपला आवाज खाली हवा, शब्द मोजके हवेत, टवाळी मुळीच नको.

खोट्या कौतुकाने बनवणाऱ्याचेही भले होत नाही. २०२२ मध्ये 'राजी'ची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात लढाईची पद्धत सुधारली होती आणि पात्रांना हिंदी आवाज मिळाले होते. 'आपले आहे, छानच आहे' असे म्हणून सगळे गप्प बसले असते, तर कुठे हात घालायचा हे त्या कलाकारांना कोणी सांगितले असते?

आपल्या ख्रिस्ती साहित्यातही असे उदाहरण आहे. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विधवांच्या यातना तिने त्या काळात निर्भयपणे मांडल्या. त्याच वेळी, धर्मप्रसाराच्या हेतूखाली गोष्ट दबून जाते हा दोषही समीक्षकांनी दाखवला आहे. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून हा दोष नाकारायचा का? नाकारला तर पुस्तकाची शोभा वाढत नाही, आपल्या शब्दाची किंमत मात्र कमी होते. आणि दोष मान्य केला म्हणून त्या विधवांविषयीची कळकळ कमी होत नाही.

धाराशिवकरांना आणखी एक प्रसंग आठवेल. जानेवारी २०२० मध्ये इथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले. काहींनी ते धर्मगुरू आहेत एवढ्यावरून विरोध केला. काहींनी आपला माणूस एवढ्यावरून आनंद मानला. दोघांनाही त्यांची पुस्तके उघडण्याची गरज भासली नव्हती. 'सुबोध बायबल' वाचून, त्यातले काय साधले आणि काय साधले नाही हे बोलणारा वाचक त्या दोघांपेक्षा त्यांना अधिक मान देत होता. २०२४ मध्ये फादर गेले. त्यांच्या पुस्तकांना आजही तसाच वाचक हवा आहे.

गोरोबाकाकांचे थापटणे

परीक्षा कशी करावी याची सर्वांत बोलकी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली आहे. तेरचे संत गोरोबाकाका जातीने आणि कामानेही कुंभार. कथा अशी सांगतात की संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईने विचारले, काका, यातली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र ते सहन झाले नाही. हे मडके कच्चे, असा निकाल लागला. नामदेव दुखावले. पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले, त्यांना गुरू केले, आणि ज्या उंचीला पोहोचले ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

या कथेतून परीक्षकासाठी तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, थापटणे कुंभाराच्या हातात होते. मडके कसे घडते, कसे भाजते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच आवाजातला फरक कळतो. जो गेम आपण पाहिलाच नाही, त्यावर निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मग ते कौतुक असो वा निंदा.

दुसरी, काकांनी सगळ्यांना थापटले. ज्ञानदेव मोठे म्हणून त्यांना वगळले नाही. आपण मात्र आवडत्या माणसाचे मडके हातात घेऊन कुरवाळतो आणि नावडत्याचे तेवढे वाजवून पाहतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, काकांनी 'कच्चे' म्हटले, 'फुटके' म्हटले नाही. कच्चे मडके पुन्हा आव्यात घालता येते. फुटक्या मडक्यात कितीही पाणी ओता, राहत नाही. दोष सांगताना हा फरक न सांगणे हा परीक्षकाचा मोठा अपराध आहे. 'राजी'चा तुटक शेवट आणि अडखळणाऱ्या हालचाली हे कच्चेपण होते.

आपल्या भाषेत 'टीका' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून दाखवणे. आज मात्र 'त्याने माझ्यावर टीका केली' म्हणजे त्याने मला नावे ठेवली. पहिला अर्थ हरवला की दुसरा उरतो. ज्याने वस्तू उलगडून दाखवली आहे, त्याचेच दोष दाखवणे ऐकून घ्यावेसे वाटते.

आकडा आणि अक्षर

काही जण म्हणतील, एवढे कोण वाचणार? दहापैकी किती गुण ते सांगा. जगातही हीच रीत पडली आहे. जपानच्या 'फामित्सू' या साप्ताहिकात चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. 'मेटाक्रिटिक' नावाची संस्था अनेक परीक्षणांचे गुण एकत्र करून शंभरपैकी एक आकडा काढते. २०१० मध्ये 'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा गेम आला. या आकड्यात ८५ गुण मिळाले तर तो बनवणाऱ्या कंपनीला जादा रक्कम मिळायची होती. मिळाले ८४. एका गुणाने रक्कम हुकली. आता सांगा, त्या ८४ मध्ये कोणता गुण होता आणि कोणता दोष? आकड्यावरून ते कळत नाही. परीक्षेत ६० टक्के मिळवणारी दोन मुले सारखी नसतात. एकाचे गणित पक्के आणि भाषा कच्ची असते, दुसऱ्याचे उलटे.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. निषिद्ध पुस्तकांची यादी १५५९ पासून होती. सिनेमा आल्यावर १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यावर परिपत्रक काढले. अमेरिकेतील 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही कॅथलिक संस्था सिनेमांना अ, ब, क अशा श्रेणी देत असे. 'क' म्हणजे निषिद्ध. 'ब' म्हणजे काही अंशी आक्षेपार्ह. पण कोणता अंश, हे त्या एका अक्षरातून कळत नसे. पुस्तकांची यादी अखेर १९६६ मध्ये रद्द झाली. याचा अर्थ सगळी पुस्तके चांगली ठरली असा नाही. पारखण्याचे काम यादीवरून वाचकाच्या सदसद्विवेकावर आले, असा आहे. आणि विवेकाला नुसते अक्षर किंवा आकडा पुरत नाही. त्याला कारणे लागतात.

जिथे 'दोन्ही बाजू' चालत नाही

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. गुणदोष दोन्ही सांगायचे म्हणजे प्रत्येक वेळी तराजू मधोमध धरायचा, असे नाही. काही मडकी खरोखरच फुटकी असतात.

पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे रमी आणि सट्ट्याचे गेम घ्या. त्यांची रंगसंगती सुरेख असेल, खेळणे सोपे असेल. पण बहुतेकांचा पैसा थोड्यांकडे आणि चालवणाऱ्याकडे जावा, अशीच त्यांची रचना असते. हे कच्चेपण नव्हे. दोष वस्तूच्या हेतूतच आहे. अशा ठिकाणी 'चित्रे मात्र छान आहेत' असे लिहिणारा प्रामाणिक नसतो, तो गळाला आमिष लावत असतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यातही हाच भेद केला आहे. पैसे लावण्याचे गेम चालवणाऱ्यांना त्यात तुरुंगवास आणि दंड सांगितला आहे, तर ई-स्पोर्ट्स आणि साध्या खेळांना प्रोत्साहन देण्याची भाषा आहे. सगळ्या गेमना एकाच काठीने हाकलेले नाही.

पबजीचे उदाहरण या दोन टोकांच्या मध्ये येते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. अनेक पालकांनी सुस्कारा सोडला. पण बंदीचे दिलेले कारण देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती हे होते, मुलांचा अभ्यास नव्हे. म्हणजे पालकांचा प्रश्न तसाच राहिला. त्याच गेमचा भारतासाठी काढलेला अवतार पुढे आला, तोही बंद झाला आणि २०२३ मध्ये परत आला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा होती. या गेममध्ये चार मित्र मिळून डाव आखतात, एकमेकांना सांभाळतात, दूरगावच्या मित्राचा आवाज ऐकतात. हा गुण खरा आहे. शंभर जण उतरतात आणि एकमेकांना मारत शेवटपर्यंत टिकायचे असते. एक डाव संपला की लगेच दुसरा बोलावतो. हे दोषही खरे आहेत. इथे पारडे कुठे झुकते हे मुलागणिक बदलते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराची लक्षणे सांगितली आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला अधिक महत्त्व देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. ही लक्षणे मुलामध्ये शोधावी लागतात. केवळ गेमचे नाव ऐकून ती कळत नाहीत.

घरातले परीक्षण

मुलाला आपण सरसकट 'हे सगळे वाईट आहे' असे सांगितले तर काय होते? त्याने त्या खेळातले सौंदर्य पाहिलेले असते. मित्रांबरोबर जिंकल्याचा आनंद घेतलेला असतो. त्याला कळते की आईवडिलांना यातले काही ठाऊक नाही. मग उद्या जेव्हा आपण खरोखरच फुटक्या मडक्याविषयी सावध करू, पैशाच्या गेमविषयी बोलू, तेव्हाही त्याला वाटेल, यांना काय कळते? आपला शब्द आपणच खर्चून टाकलेला असतो. उलट, गुण कबूल करणाऱ्या आईने दाखवलेला दोष मुलगा सहजी झटकू शकत नाही.

म्हणून या आठवड्यात एक गोष्ट करून पाहू या. मुलाच्या शेजारी अर्धा तास बसावे आणि तो खेळतो तो गेम पाहावा, जमल्यास खेळावा. हसू होईल, होऊ द्यावे. मग चार प्रश्न विचारावेत. यात तुला काय आवडते? काय खटकते? थांबायचे ठरवल्यावर थांबता येते का? तुझ्या धाकट्या बहिणीला हा गेम देशील का? उत्तरे त्यालाच एका कागदावर लिहायला सांगावीत. चौथ्या प्रश्नापाशी मुले बहुधा विचारात पडतात, कारण तिथे आवड बाजूला राहते आणि जबाबदारी समोर येते. त्यानंतर आपलेही मत त्याच कागदावर लिहावे आणि शेवटी निर्णय घ्यावा. किती वेळ खेळायचे, की अजिबात नाही, हे ठरवणे आईवडिलांचेच काम आहे. ते टाळू नये. पण त्या निर्णयाखाली कारणे लिहिलेली असावीत.

ज्या घरात गेमचे असे परीक्षण होते, त्या घरात माणसांविषयीही हळूहळू तसेच बोलले जाऊ लागते. सून आळशी, शेजारी भांडखोर, अमका लबाड, असे एका शब्दाचे निकाल तोंडावर येतात तेव्हा कोणीतरी विचारते, त्याचे चांगले काय? आणि जो फार आवडतो त्याच्याविषयी कोणीतरी धीर करून म्हणते, त्याचे हे मात्र बरे नाही. आपल्यापैकी प्रत्येकाचे मडके कुठेतरी कच्चे आहे. ते वाजवून पाहणारा, खरे सांगणारा आणि पुन्हा आव्यात घालण्याची आशा न सोडणारा माणूस प्रत्येकाला घरातच भेटावा.